वाघाची हमी मिळणार नाही

परभणीहून माणसं जंगलात न्यायची, हा माझा धंदा. फोनवरचा पहिला प्रश्न ठरलेला, "मालक, वाघ दिसणार ना नक्की?" हमी नाही म्हटलं की बरीच गिऱ्हाईकं दुसऱ्या ट्रॅव्हल्सकडं वळतात. वळू देत. हमी दिली की मी ड्रायव्हरच्या मागं लागणार आणि ड्रायव्हर वाघाच्या.

त्याचं पुढं काय होतं, ते 31 डिसेंबर 2024 ला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात दिसलं. गोठणगाव भागात जिप्सींनी एफ-2 वाघीण आणि तिच्या पाच बछड्यांची वाट अडवली. चालक-गाईड निलंबित झाले, दंड बसला, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं स्वतःहून दखल घेतली. "अजून थोडं पुढं घ्या" म्हणणारा पर्यटक मात्र कधीच निलंबित होत नाही.

'वन्यजीव संरक्षणाला आमचा हातभार' ही ओळ आता टूर कंपन्यांच्या पत्रकांवर सर्रास दिसते. पुष्कळदा तो हातभार म्हणजे पाच जूनला लावलेली चार रोपं आणि त्यांच्यामागं उभं राहून काढलेला फोटो. मला विचाराल तर बघायचं एकच, पर्यटकाचा रुपया कुणाच्या खिशात जातो. 2006 च्या कायदादुरुस्तीनंतर व्याघ्र प्रकल्पांना स्वतःची प्रतिष्ठानं मिळाली आणि प्रवेश शुल्क प्रकल्पासाठीच वापरता येऊ लागलं. ताडोब्यात गाईड आसपासच्या गावांतली पोरंच असतात. पण मी गिऱ्हाईक बाहेरच्या मालकाच्या रिसॉर्टात उतरवलं, भाजीसुद्धा शहरातून आली, तर गावाला मिळते फक्त गाड्यांची धूळ.

सगळ्यात सरळ हिशेब मी पाहिला तो रत्नागिरी जिल्ह्यात, मंडणगड तालुक्यातल्या वेळासला. किनाऱ्यावर समुद्री कासवं अंडी घालायची; ती कोल्ही-कुत्री उकरायची, माणसंही न्यायची. चिपळूणच्या 'सह्याद्री निसर्ग मित्र' संस्थेनं 2002 मध्ये गावकऱ्यांना सोबत घेऊन घरटी राखायला सुरुवात केली. अंडी कुंपणात हलवायची, सुमारे दीड-दोन महिन्यांनी पिल्लं निघाली की समुद्राकडं सोडायची. 2006 पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुणे गावातल्या घरांत उतरतात, जेवणाचे आणि मुक्कामाचे पैसे त्या घरच्या बाईच्या हातात पडतात. कासव जगलं तरच पाहुणा येणार, हे तिला कुणी शिकवावं लागत नाही. आणि एखाद्या सकाळी एकही पिल्लू निघालं नाही, तर निघालं नाही. तिथंही हमी नाहीच.

आता आमच्याकडचं. परभणी म्हणजे राज्यात सर्वांत कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. पण जनावरं आहेत की! काळविटांचे कळप पिकांतच वावरतात. जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचं धरण आहे, त्याच्या पाण्यावर हिवाळ्यात परदेशी पाखरं उतरतात. फक्त इथं गेट नाही, तिकीट नाही, त्यामुळं रुपया पडायला जागाच नाही. एक मामा मला तोंडावर म्हणाले, "तुम्ही फोटू काढून जाता, हरभरा आमचा जातो." खोटं काय त्यात? सरकारी नुकसानभरपाई आहे, पण तिच्यासाठी अर्ज आणि पंचनामा आला.

म्हणून मी हुरड्याची वेळ धरली. ज्वारी हुरड्यात येते तेव्हाच पाखरंही असतात. मामांच्याच शेतात हुरडा, शेंगदाण्याची चटणी, दही. माणशी पैसे मामांना, तेही आधी. गाडी पांदणीवर उभी राहते, शेतात शिरत नाही. हरणं बांधावरून दाखवतात मामाच. कळपामागं गाडी घालायची नाही, हाकारे द्यायचे नाहीत, ड्रोन तर गाडीतच राहतो. हरणामुळं गेलेला सगळा हरभरा यातून भरून निघत नाही, हे मामाही जाणतात आणि मीही. पण आता पाहुणे यायचे असले की कळप कुठं आहे, ते मामा आदल्या संध्याकाळीच फोन करून सांगतात.

यंदा कुठल्याही ट्रॅव्हल्सवाल्याला ॲडव्हान्स देण्याआधी एवढं विचारा : गाईड कुठल्या गावचा, जेवण कुणाच्या घरचं आणि जनावर दिसलं नाही तर काय? तिसऱ्या प्रश्नाला "दिसणारच" असं उत्तर आलं, तर पैसे देऊ नका.