बारीचा आवाज आणि तबकडीचा आवाज

एखाद्या कालखंडातील गाणी त्या काळी तरुण असलेल्या पिढीच्या मनात आयुष्यभर घर करून राहतात. १९६० ते १९७० या दशकाच्या बाबतीत हा अनुभव विशेषत्वाने येतो. अमेरिकेतील त्या पिढीला तीनचार मुलींनी मिळून गायिलेली गाणी आठवतात. सातारा-सांगलीकडील त्याच पिढीला चित्रपटांतून आणि ध्वनिमुद्रिकांवरून ऐकलेल्या लावण्या आठवतात. दोन्हीकडील आठवणींत सारखाच ओलावा आहे. हा ओलावा खोटा आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु स्मरण हे नेहमी निवड करीत असते, आणि ही निवड आपोआप होत नाही. गाणे ज्या साधनाच्या द्वारे कानावर पडते ते साधनच ती पुष्कळ अंशी ठरवीत असते. एकत्र गाणाऱ्या स्त्रियांचे मंडळ या स्मरणातून कसे गळून पडले, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम अमेरिकेतील उदाहरण पाहू. तेथील कृष्णवर्णीयांच्या चर्चमधील भक्तिगायनात एक मुख्य स्वर पद उचलतो आणि बाकीचे त्याला उत्तर देतात. ही रीत पुढे लौकिक प्रेमगीतांत उतरली आणि तिला ‘सोल’ हे नाव पडले. न्यू जर्सीतील शाळकरी मैत्रिणींच्या ‘शिरेल्स’ या मंडळाचे गाणे १९६१ च्या प्रारंभी तेथील लोकप्रियतेच्या यादीत अग्रस्थानी पोहोचले. कृष्णवर्णीय मुलींच्या मंडळाला हे स्थान प्रथमच मिळत होते. ‘रॉनेट्स’ या मंडळात दोन सख्ख्या बहिणी व त्यांची एक मावसबहीण होती. डेट्रॉइट शहरात बेरी गॉर्डी यांनी १९५९ साली स्थापन केलेल्या, पुढे ‘मोटाउन’ या नावाने प्रसिद्धीस आलेल्या संस्थेतून ‘सुप्रीम्स’ हे तिघींचे मंडळ पुढे आले. १९६४ ते १९६९ या काळात त्यांची बारा गाणी त्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेली.

आता आपल्याकडे वळू. ढोलकीफडाच्या तमाशात गण, गौळण, बतावणी आणि वग असा क्रम असतो. संगीत बारीत वगाला फारसे स्थान नाही; तेथे गायन, नृत्य आणि अदा हेच सर्वस्व होय. एकाच थिएटरात अनेक पार्ट्या उतरलेल्या असतात व प्रत्येक पार्टी आपली पाळी आली म्हणजे बैठकीवर येते. ‘बारी’ या शब्दाचा अर्थही पाळी असाच आहे. पुण्याचे आर्यभूषण थिएटर हे अशा बाऱ्यांचे ख्यातनाम ठिकाण. पार्टीला नाव असते ते तिच्यातील स्त्रियांचे, आणि त्या स्त्रिया बहुधा परस्परांच्या बहिणी, मावश्या वा भाच्या असतात. पेटी, तबला आणि ढोलकी यांच्या साथीने एक जण लावणीचे कडवे मांडते, इतर जणी ध्रुपद उचलतात, आणि श्रोत्यांच्या फर्माइशीप्रमाणे पुढचा क्रम ठरत जातो.

सातारा जिल्ह्यातील वाईच्या यमुनाबाई वाईकर या परंपरेतील सर्वमान्य नाव होय. त्यांचा जन्म १९१५ साली कोल्हाटी समाजात झाला. लहानपणी त्या आईबरोबर रस्त्यावर गात असत. पुढे त्यांच्या पार्टीची ओळख यमुना, हिरा आणि तारा या नात्यातल्या तिघींच्या नावांनी झाली. तीन स्त्रियांची नावे एकापुढे एक मांडून झालेले हे नामकरण ध्यानात ठेवण्याजोगे आहे. त्यात कोणीही ‘मुख्य’ नाही आणि कोणीही ‘साथीला’ नाही. बैठकीच्या लावणीत एकच ओळ पुनःपुन्हा घेऊन दर वेळी तिच्यातून निराळा भाव दाखविण्याचे यमुनाबाईंचे कसब जाणकारांनी वाखाणले. १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री असे सन्मान त्यांना मिळाले. १५ मे २०१८ रोजी वयाच्या एकशे दुसऱ्या वर्षानंतर त्यांचे निधन झाले.

आपल्याकडील सामान्य श्रोत्याच्या स्मरणातील लावणी मात्र बहुधा बारीतील नव्हे. १९५९ साली अनंत माने यांचा ‘सांगत्ये ऐका’ हा चित्रपट आला आणि पुण्यात तो शंभराहून अधिक आठवडे चालला. त्याची गीते ग. दि. माडगूळकरांची, संगीत वसंत पवारांचे. पडद्यावर जयश्री गडकर आणि लावणीचा आवाज आशा भोसले यांचा. माडगूळकरांचा जन्म आज सांगली जिल्ह्यात असलेल्या शेटफळे गावचा, आणि आशाबाईंचा सांगली संस्थानातला. तेव्हा या लावणीचे नाते याच भूमीशी होते यात शंका नाही. १९६४ च्या ‘सवाल माझा ऐका’ मध्ये जगदीश खेबुडकरांच्या शब्दांना सुलोचना चव्हाण यांनी आवाज दिला. आचार्य अत्रे यांनी त्यांना ‘लावणीसम्राज्ञी’ म्हटले. डोक्यावर पदर घेऊन, एका जागी उभे राहून, कोणतेही हावभाव न करता त्या लावणी म्हणत. जत्रेतील ध्वनिक्षेपक, हॉटेलातील फोनो आणि घरातील रेडिओ यांवरून हे आवाज गावोगाव गेले. १९६३ साली सांगलीत आकाशवाणीचे केंद्र सुरू झाले, त्यामुळे या भागाला स्वतःचे श्रवणकेंद्रही लाभले.

येथे साधनाचा प्रश्न उपस्थित होतो. जुन्या तबकडीची एक बाजू सुमारे तीन मिनिटांची असे. बारीतील लावणी किती वेळ चालावी हे समोरचा श्रोता व गाणारीची तब्येत यांवर अवलंबून असे. तबकडीवर ते आधीच ठरलेले असे. त्यामुळे ओळीची पुनरावृत्ती आटोपती घ्यावी लागली, डोळ्यांनी पाहावयाची अदा केवळ आवाजात आणावी लागली, आणि ध्रुपद उचलणाऱ्या सख्या निनावी ‘कोरस’ झाल्या. तबकडीच्या कागदावर एका गायिकेचे, एका कवीचे व एका संगीतकाराचे नाव मावत होते. पार्टीचे मावत नव्हते. अनेकवचनाचे एकवचन झाले ते अशा रीतीने. त्यात कोणा एकाचा दुष्ट हेतू शोधण्याचे कारण नाही.

अमेरिकेतही हीच प्रक्रिया वेगळ्या वाटेने घडली. १९६२ साली ‘ही इज अ रेबेल’ हे गाणे ‘क्रिस्टल्स’ या मंडळाच्या नावावर गाजले. प्रत्यक्षात ते डार्लिन लव्ह आणि ‘ब्लॉसम्स’ या दुसऱ्याच गायिकांनी गायिले होते. नाव एकीकडचे, गळा दुसरीकडचा. १९६७ साली ‘सुप्रीम्स’चे नामकरण ‘डायना रॉस अँड द सुप्रीम्स’ असे करण्यात आले आणि त्याच वर्षी मंडळाच्या संस्थापक सदस्यांपैकी फ्लॉरेन्स बॅलार्ड यांना बाहेर पडावे लागले. तिघींपैकी एकीचे नाव वेगळे काढताच उरलेल्या दोघी साथीदार ठरल्या.

तथापि ही तुलना फार ताणता येत नाही, आणि जेथे ती थांबते तेथेच आपल्या दृष्टीने महत्त्वाचा मुद्दा आहे. मोटाउनने आपल्या गायिकांना प्रतिष्ठितांच्या दिवाणखान्यात नेण्याचे ठरविले तेव्हा मॅक्सीन पॉवेल या शिक्षिकेकडून त्यांना उठण्याबसण्याची, चालण्याबोलण्याची रीत शिकविली. म्हणजे तेथे गाणे आणि गाणारी या दोघींनाही दिवाणखान्यात प्रवेश मिळाला, मग त्याची किंमत काहीही असो. आपल्याकडे १९४० नंतरच्या दशकाच्या अखेरीस मुंबई सरकारने तमाशावर निर्बंध आणले होते, आणि बारीत गाणाऱ्या स्त्रीविषयी पांढरपेशा घरांत संकोच होता. घरंदाज श्रोत्याला लावणी हवी होती, पण ती गाणारी स्त्री घरात नको होती. डोक्यावरच्या पदराने आणि पार्श्वगायनाने ही अडचण दूर केली. गाणे दिवाणखान्यात आले. बारी थिएटरातच राहिली. सुलोचनाबाई वा आशाबाई यांच्या श्रेष्ठ गायनाला यामुळे कोणतेही उणेपण येत नाही. त्यांनी लावणी जगविली हे खरेच. परंतु ती पिढ्यान्‌पिढ्या ज्यांनी सांभाळली त्यांची नावे त्या यशाबरोबर श्रोत्यांपर्यंत पोहोचली नाहीत, हेही तितकेच खरे आहे.

या घटनेची आणखी एक बाजू अभ्यासकाने लक्षात घ्यावी. बाऱ्यांतील श्रोते लवकरच चित्रपटातल्या लावण्यांची फर्माइश करू लागले, आणि पार्ट्यांना त्या म्हणाव्या लागल्या. जे बारीतून घेतले गेले होते ते तबकडीचे रूप धारण करून बारीत परत आले, आणि जुन्या, संथ, चौकाच्या लावणीला ऐकणारा दुर्मीळ झाला. यमुनाबाईंना राष्ट्रीय सन्मान मिळाला तो त्यांच्या वयाच्या ऐंशीच्या सुमारास, हे या संदर्भात बोलके आहे.

यावरून संशोधनाची एक दिशा स्पष्ट होते. त्या दशकाविषयीच्या जिव्हाळ्याला संशोधकाने पुरावा मानावे, पण एकमेव पुरावा मानू नये. ‘तुम्हांला कोणते गाणे आठवते?’ या प्रश्नापाशी न थांबता ‘ते कोठे ऐकले, कोणाच्या तोंडून ऐकले, आणि तिच्याबरोबर आणखी कोण गात होते?’ असे विचारले पाहिजे. थिएटरांच्या वह्या, जत्रांच्या जाहिराती, वृद्ध पेटीवादक व ढोलकीवाले यांच्या आठवणी यांतून पार्ट्यांची नावे अद्याप हाती लागणे शक्य आहे. वाई, सातारा, सांगली, मिरज या परिसरातील पदव्युत्तर विद्यार्थ्याला हे काम आपल्या गावापासून आरंभिता येईल. मात्र ज्यांना हे विचारावयाचे ती पिढी आता ऐंशीच्या घरात आहे. तेव्हा या कामास विलंब परवडणारा नाही.