एक बंदूक, चार नळ्या

अमेरिकेतील स्कीट नेमबाजीच्या मोठ्या स्पर्धांत एकच खेळाडू चार बोअरच्या प्रकारांत उतरतो: बारा, वीस, अठ्ठावीस आणि सर्वांत बारीक ‘चारशे दहा’. त्यासाठी चार बंदुका घेता येतात. तरीही अनेक जण एकच दुनळी आणि तिला बसणाऱ्या नळ्यांच्या चार जोड्या घेतात. हा संच महाग पडतो, पण त्यामागचे भौतिकशास्त्र पक्के आहे.

आधी बोअरचा हिशेब पाहू. एक पौंड, म्हणजे ४५४ ग्रॅम शिशाच्या १२ सारख्या गोळ्या केल्या, तर प्रत्येकीचा व्यास १८.५ मिलिमीटर भरतो. तेवढ्या आतल्या व्यासाची नळी बारा बोअरची. तेवढ्याच शिशाच्या २० गोळ्या केल्या तर गोळी लहान होते. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. वीस बोअर १५.६ मिलिमीटरचे, अठ्ठावीस बोअर १४ मिलिमीटरचे. चारशे दहाचा आकडा मात्र थेट व्यास सांगतो: ०.४१० इंच, म्हणजे १०.४ मिलिमीटर.

स्कीटचा उगम १९२० च्या सुमारास मॅसॅच्युसेट्समधील अँडोव्हर येथे झाला. चार्ल्स डेव्हिस, विल्यम हार्नडेन फॉस्टर आणि त्यांच्या साथीदारांना पक्ष्यांच्या शिकारीचा सराव हवा होता. आजच्या खेळात अर्धवर्तुळाच्या दोन टोकांवरच्या एका उंच आणि एका ठेंगण्या घरातून तबकड्या उडतात. साधारण २० मीटरवरची तबकडी गाठायला छर्ऱ्यांना सेकंदाचा सुमारे सोळावा भाग लागतो. तेवढ्यात आडवी जाणारी तबकडी मीटरभर पुढे सरकलेली असते. म्हणून नेमबाज नळी तबकडीच्या पुढे नेतो आणि चाप ओढल्यावरही फिरवत राहतो. फिरणे थांबले की नेम मागे पडलाच.

चार बोअरमध्ये बदलते ते छर्ऱ्यांचे वजन. बाराला ३२ ग्रॅम, विसाला २५, अठ्ठावीसला २१ आणि चारशे दहाला १४ ग्रॅम. दोन मिलिमीटरचे छर्रे धरले तर बाराच्या काडतुसात साडेसहाशेच्या आसपास आणि चारशे दहाच्या काडतुसात तीनशेहून थोडे कमी छर्रे मावतात. छर्ऱ्यांचा वेग मात्र चारही बोअरमध्ये जवळपास सारखा असतो. त्यामुळे नेम किती पुढे धरायचा हे बदलत नाही. चुकीला मिळणारी सवलत तेवढी कमी होते.

येथेच नळ्यांच्या संचाचे मर्म आहे. नेमबाजाची सवय दस्ता, चाप आणि बंदुकीच्या तोलावर बसलेली असते. दोन बॅटचे वजन सारखे असूनही जिचा भार टोकाकडे जास्त ती फिरवायला जड लागते, तसेच नळीचे आहे. वस्तुमान अक्षापासून जितके दूर, तितका त्याचा फिरण्याला होणारा विरोध अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. बाहेरचा आकार तोच ठेवून भोक बारीक केले तर नळीची भिंत जाड होते आणि बंदूक पुढे झुकते. म्हणून चांगला कारागीर प्रत्येक जोडीची बाहेरची जाडी उतरवून चारही जोड्यांचे वजन आणि तोल जुळवतो. ब्राउनिंग कंपनीच्या सुपरपोज्ड बंदुकीचे आणि जर्मन क्रीगहॉफचे असे संच नावाजलेले आहेत. सुपरपोज्ड ही जॉन ब्राउनिंगची अखेरची रचना. १९२६ मध्ये त्याचे निधन झाल्यावर मुलगा व्हॅल याने तिचे काम पुढे नेले.

दुसरा, स्वस्त मार्ग म्हणजे बाराच्या नळीत बसणाऱ्या ॲल्युमिनियमच्या पातळ आतनळ्या. त्यांच्यामुळे वजन तीनशे ग्रॅमच्या आसपास वाढते. पण तिन्ही बारीक बोअरसाठी तोल एकसारखा राहतो.

शिकारीचा संच वेगळ्या हिशेबाने निवडतात. तिथे बोअर बहुधा एकच, बदलते ती लांबी आणि तोंडाशी नळी किंचित आवळणारा चोक. स्कीटला जेमतेम ०.१ मिलिमीटरचा चोक पुरतो, कारण जवळच्या तबकडीवर छर्रे पसरलेलेच हवे असतात. झुडपातून अचानक उडणाऱ्या लाव्यासाठीही आखूड, मोकळी नळी बरी. दूरच्या बदकासाठी ‘फुल’ चोक सुमारे एक मिलिमीटर आवळतो. त्यातून ३६ मीटरवर ७६ सेंटिमीटरच्या वर्तुळात साधारण ७० टक्के छर्रे पडतात. नळी लांब असली की मारा फार दूर जातो, हा समज चुकीचा आहे. आधुनिक दारू नळीच्या पहिल्या भागातच बहुतेक जळून जाते. लांबीचा खरा फायदा नळी एकसंथ फिरण्यात आहे.

अमेरिकेत १९९१ पासून पाणपक्ष्यांच्या शिकारीत शिशाच्या छर्ऱ्यांवर देशभर बंदी आहे. त्यांच्या जागी आलेले पोलादी छर्रे कठीण असल्याने जुन्या, घट्ट चोकच्या नळीला इजा करू शकतात. जुना संच घेणाऱ्याने ही गोष्ट आधी तपासावी. नळ्यांची प्रत्येक जोडी त्या एकाच बंदुकीला घासून बसवलेली असते. त्याच मॉडेलच्या दुसऱ्या बंदुकीला ती तशीच चालेल असे धरू नये.

सर्वांत मोठा धोका काडतुसांच्या सरमिसळीचा. विसाचे काडतूस बाराच्या नळीत घसरून पुढे अडकते. मागून बाराचे भरून चाप ओढला तर नळी फुटते आणि हात जायबंदी होतो. म्हणूनच विसाची काडतुसे पिवळी करण्याची पद्धत पडली. संच वापरणाऱ्याने एका वेळी एकाच बोअरची काडतुसे खिशात ठेवावीत, नळी बदलताना जुनी सगळी काढून टाकावीत आणि प्रत्येक वेळी नळीतून आरपार पाहूनच बंदूक भरावी.