एकपडदा थिएटर : काय, कधी, कसे?

अर्थ : एक प्रेक्षागृह, एक पडदा, एका वेळी एकच सिनेमा. मल्टिप्लेक्समध्ये एका छताखाली अनेक पडदे.

त्याआधी : टूरिंग टॉकीज. तंबू, पडदा, प्रोजेक्टर, जनरेटर ट्रकमध्ये घालून जत्रेच्या गावी मुक्काम. ज्या गावात पक्के थिएटर नसे, तिथे सिनेमा यांनीच पोचवला.

ठळक तारखा
- ७ जुलै १८९६ : मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंच्या चित्रफितींचा खेळ.
- ३ मे १९१३ : दादासाहेब फाळके यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये प्रदर्शित.
- १४ मार्च १९३१ : ‘आलम आरा’, पहिला भारतीय बोलपट, मुंबईच्या मॅजेस्टिकमध्ये.
- १९९७ : दिल्लीतील साकेत येथे देशातील पहिले मल्टिप्लेक्स.

प्रोजेक्टरची खोली : थिएटरचे खरे काळीज हेच. ३५ मिमी फिल्म, सेकंदाला २४ चौकटी, मिनिटाला ९० फूट. २,००० फुटांचे रीळ साधारण २२ मिनिटे चाले. अडीच तासांच्या सिनेमाला अशी सात रिळे लागत. प्रोजेक्टर दोन : एकावर रीळ संपत आले की पडद्याच्या कोपऱ्यात खूण उमटे आणि ऑपरेटर दुसरा सुरू करी. प्रकाश कार्बनच्या कांड्यांचा, पुढे झेनॉन दिव्याचा. दोन थिएटरांत एकच प्रिंट असली, तर रिळे सायकलवरून इकडून तिकडे जात.

डिजिटल बदल : रिळांच्या जागी हार्डडिस्क आणि उपग्रह आले. पूर्वी प्रिंट मोजक्या निघत, त्यामुळे लहान गावात सिनेमा अनेक आठवडे उशिरा येई. आता तो मुंबई-पुण्याबरोबर त्याच शुक्रवारी लागू शकतो.