हातोडा, कॅमेरा आणि महापौर

सन 1934. न्यूयॉर्कचे नवे महापौर फिओरेल्लो ला गार्डिया जप्त केलेल्या जुगारयंत्रांवर हातोडा घालत आहेत. जेमतेम पाच फूट दोन इंच उंचीच्या या माणसाचा आवेश छायाचित्रातूनही जाणवतो. अर्थात, छायाचित्रकारांना आधीच बोलावलेलं होतं. जुगाराच्या टोळ्यांना दिलेला इशारा दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत छापून यावा, हाच तर हेतू!

1934 ते 1945 अशी सलग बारा वर्षं महापौर राहिलेल्या ला गार्डियांची कागदपत्रं आणि छायाचित्रं क्वीन्समध्ये, त्यांचंच नाव असलेल्या कॉलेजात जतन केली आहेत. 1982 मध्ये सुरू झालेल्या या संग्रहाला आज ‘ला गार्डिया अँड वॅग्नर अर्काइव्ह्‌ज’ म्हणतात.

1945 च्या जुलैमध्ये वृत्तपत्र वितरकांच्या संपामुळे मुलांची रविवारची चित्रकथा बुडाली, तर महापौरसाहेबांनी ती नगरपालिकेच्या रेडिओवर साभिनय वाचून दाखवली. ऐकण्याच्या या कार्यक्रमाचंही चित्रीकरण झालं, हे विशेष.

अशी छायाचित्रं पुरावा असतात आणि प्रचारही. म्हणून अभिलेखागारात नुसती प्रत ठेवून भागत नाही. ती कोणी काढली, कधी, कुठे, शेजारी कोण उभं आहे, हेही नोंदवावं लागतं.

याच संस्थेत शहराच्या गृहनिर्माण प्राधिकरणाचाही संग्रह आहे. ला गार्डियांच्या काळात, 1934 मध्ये स्थापन झालेल्या या प्राधिकरणाच्या छायाचित्रांत दाटीवाटीच्या जुन्या चाळी दिसतात, नव्या इमारती दिसतात आणि तिथे राहायला आलेली कुटुंबंही. महापौरांच्या कामाचा अंदाज घ्यायचा तर हातोड्यापेक्षा हीच छायाचित्रं जास्त उपयोगी.