लस्टर फाइल सिस्टीम वारंवार सुटतेय? आधी लॉग वाचा

माउंट सुटला की लगेच पुन्हा माउंट करू नका. आधी तो खरोखर सुटला आहे का, हे पाहा. 'ऑटोएफएस' वापरात असेल तर ठरावीक वेळ कोणी न फिरकल्यास तोच माउंट काढतो. हा बिघाड नव्हे. हवी तर त्याची मुदत वाढवा.

माउंट यादीत दिसतो, पण फाइल उघडताना त्रुटी येते? मग बहुधा सर्व्हरने क्लायंटला बाहेर काढले आहे. कर्नल लॉगमध्ये 'एव्हिक्टेड' शोधा. सर्व्हर लॉक परत मागतो, क्लायंटचे उत्तर वेळेत पोहोचत नाही, म्हणून ही हकालपट्टी होते. न लिहिला गेलेला डेटा तेव्हा हातचा जातो, म्हणून ही गोष्ट हलक्यात घेऊ नका. उत्तर जाळ्यात अडते का हे पाहण्यासाठी क्लायंट आणि सर्व्हर यांच्यात 'एलसीटीएल पिंग' दोन्ही दिशांनी करून पाहा. टीसीपी जाळ्यात पोर्ट 988 क्लायंटच्या फायरवॉलमध्येही खुला हवा; नेमके हेच बऱ्याचदा राहून जाते.

माउंट काढताना 'टार्गेट इज बिझी' आले तर 'एलसॉफ'ने फाइल धरून बसलेली प्रक्रिया शोधा. 'यूमाउंट'ला '-एल' जोडून वेळ मारून नेऊ नका: नाव यादीतून जाते, पण उघड्या फाइली बंद होईपर्यंत जुनी जोडणी आत तशीच राहते.