साथींत कर्ता गेलेल्या शेतकरी कुटुंबास सरकारी मदत

श्रीगोंद्याकडील बागायतदार सरकारी मदतीचें नांव काढलें म्हणजे थोडा संकोचतो. घरीं ऊस आहे, लिंबाची बाग आहे, कुकडीचें पाणी शेतास येतें. मग आपण हात कां पसरावा, असा त्याचा भाव असतो. कोरोनाच्या साथींत ह्या संकोचानें कित्येक घरांचें नुकसान झालें असें आम्हांस वाटतें. सरकारी नोंदीप्रमाणें एकट्या महाराष्ट्रांत १ लाख ४८ हजारांहून अधिक माणसें त्या साथीनें दगावलीं. जेथें घरचा कर्ता गेला तेथें जमीन राहिली, पण ती कसणारा, बँकेंत सही करणारा व कारखान्याकडून उसाचें बिल आणणारा राहिला नाहीं. अशा घरासाठीं कोणती मदत होती व ती कोठें अडली, हें येथें सांगावयाचें आहे.

साथ चालू असतांना वांटलेली मदत याद्यांवरून मिळाली. एप्रिल २०२० पासून अन्नसुरक्षेच्या यादींतील माणशीं दरमहा ५ किलो धान्य फुकट सुरू झालें; स्त्रियांच्या जनधन खात्यांत तीन महिने ५०० रुपये आले; केशरी कार्डास मे व जून २०२० मध्यें गहूं ८ रुपये व तांदूळ १२ रुपये किलोनें मिळाला. मृत्यूनंतरची मदत मात्र मागावी लागली, आणि मागणारास कागद दाखवावे लागले.

२००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्याच्या १२ व्या कलमांत मृताच्या कुटुंबास सानुग्रह साहाय्याची तरतूद आहे. तिच्या आधारें माणशीं ४ लाख रुपये मिळावे अशी मागणी सर्वोच्च न्यायालयापुढें गेली. न्यायालयानें ३० जून २०२१ रोजीं रक्कम ठरविण्याचें काम राष्ट्रीय आपत्ति व्यवस्थापन प्राधिकरणाकडे सोंपविलें. प्राधिकरणानें ५० हजार रुपये ठरविले व ४ ऑक्टोबर २०२१ च्या हुकुमानें त्यांस मान्यता मिळाली. त्या हुकुमांतील एक गोष्ट खेड्यांतील माणसास फार उपयोगाची होती. निदान झाल्यापासून ३० दिवसांचे आंत मृत्यु आला, तर तो घरीं आला असला तरी कोरोनाचाच धरावा. आणि दाखल्यावर तें कारण लिहिलेलें नाहीं एवढ्यावरून अर्ज फेटाळूं नये. दाखल्यावर दुसरेंच कारण पाहून जीं कुटुंबें गप्प बसलीं, त्यांना हें कोणीं वेळेवर सांगावयास हवें होतें.

आई-बाप दोघेही गेलेल्या मुलांच्या नांवें राज्य सरकारनें ५ लाख रुपयांची ठेव ठेवण्याचें जून २०२१ मध्यें ठरविलें. केंद्राच्या योजनेंत अशा मुलास २३ व्या वर्षीं १० लाख मिळावयाचे आहेत. एकच पालक गेला असेल तर बालसंगोपन योजना. तिची दरमहाची रक्कम १,१०० रुपये होती, ती २०२३ मध्यें २,२५० झाली. विधवा स्त्रियांसाठीं आपल्याच जिल्ह्यांतील अकोल्याचे हेरंब कुलकर्णी ह्यांनीं चळवळ केली. ऑगस्ट २०२१ मध्यें सुरू झालेल्या ‘मिशन वात्सल्य’ योजनेनें दाखले, पेन्शन व वारसनोंद हीं कामें तालुक्यांतच एके ठिकाणीं व्हावीं असें योजिलें.

पण जमीनवाल्या घराची खरी अडचण सात-बाऱ्यांत आहे. जमीन मयताच्या नांवें राहिली म्हणजे बाईस पीककर्ज मिळत नाहीं, पीकविमा अडतो, आणि पीएम-किसानचे वर्षाचे ६ हजारही थांबतात. ह्या योजनेंत १ फेब्रुवारी २०१९ नंतर जमीन घेणारास लाभ नाहीं. वारसानें आलेल्या जमिनीस मात्र ती अट लागत नाहीं. महसूल कायद्याच्या १४९ व्या कलमाप्रमाणें वारसाची वर्दी तीन महिन्यांत तलाठ्यास (आतां ग्राम महसूल अधिकारी) द्यावयाची असते. मृत्युपत्र नसेल तर १९५६ च्या हिंदु वारसा कायद्यानें मयताच्या हिश्शांत विधवा, मुलगे, मुली व मयताची आई ह्यांचा सारखा वांटा असतो. तरीही दिरानें किंवा थोरल्या मुलानें नांव लावून घ्यावें, आणि सून व लेकी ‘इतर हक्कां’च्या रकान्यांत जाव्या, ही रीत आपल्याकडे जुनी आहे, तिचें समर्थन आम्हांस करवत नाहीं.

विम्याविषयीं घोटाळा फार होतो. गोपीनाथ मुंडे ह्यांच्या नांवाची शेतकरी योजना अपघातापुरतीच आहे, रोगानें आलेल्या मृत्यूस ती लागू नाहीं. उलट बँकेंतील जीवनज्योति विमा रोगानें मृत्यु आला तरी २ लाख रुपये देतो. म्हणून मयताच्या पासबुकांत मे-जूनच्या सुमारास त्याचा वार्षिक हप्ता कापला गेला होता काय, तें पाहावें.

सानुग्रह रकमेची मुदतही ध्यानांत घेण्याजोगी आहे. २० मार्च २०२२ पूर्वीच्या मृत्यूंसाठीं न्यायालयानें २४ मार्च २०२२ पासून ६० दिवस दिले, व पुढील मृत्यूंसाठीं मृत्यूपासून ९० दिवस. मोठ्या अडचणीमुळें मुदत चुकली असेल त्या कुटुंबास तक्रार निवारण समितीकडे दाद मागण्याची मोकळीक त्याच हुकुमांत ठेविली होती.