पट्टा सोडायची जागा

सकाळचे साडेसहा. पुणे-ठाण्याकडच्या कुठल्याही मोठ्या सोसायटीत या वेळी लिफ्टमधून लॅब्रेडॉर उतरतो, मागोमाग एखादं दत्तक घेतलेलं गावठी कुत्रं. फिरायला निघालेल्या आजी भिंतीला चिकटून उभ्या राहतात. कुत्र्याचा मालक पट्टा आखडून धरतो. कुत्रं आणखीनच ओढ घेतं. यात चूक कुणाचीच नाही. आजींची भीती खरी आहे, आणि टू-बीएचकेत दिवस काढणाऱ्या कुत्र्याची धावायची गरजही खरी आहे.

सोसायटीच्या आवारात कुत्र्यांसाठी कुंपणाची वेगळी जागा असावी, ही मागणी इथूनच येते. कमिटीपुढे ती ‘आमच्या कुत्र्यांसाठी’ म्हणून गेली की बहुधा पडते, कारण मत देणाऱ्यांत कुत्री न पाळणारेच जास्त असतात. खरं तर ती त्यांच्याच सोयीची आहे. मोकळं धावणं आणि घाण या दोन्हींची जागा ठरली, की जिना, पार्किंग आणि मुलांचं खेळाचं मैदान यांवरचा ताण हलका होतो. प्रस्तावाची सुरुवात याच मुद्द्याने व्हायला हवी.

कल्पना नवी नाही. कॅलिफोर्नियातल्या बर्कलेमध्ये भुयारी रेल्वेच्या कामानंतर मोकळ्या राहिलेल्या जमिनीवर १९७९ साली ओलोनी डॉग पार्क सुरू झालं, तेही आधी प्रयोग म्हणून. हैदराबाद महापालिकेने २०१८मध्ये कोंडापूरला सुमारे १.३ एकरांवर श्वान उद्यान उभारलं. पूर्वी तिथे कचरा टाकला जायचा. सोसायटीकडे एकर कुठून येणार? पण वापरात नसलेला, मागच्या भिंतीलगतचा एखादा पट्टा बहुतेक ठिकाणी सापडतो.

कुत्री पाळायला सोसायटीला बंदी घालता येत नाही, बहुमताने ठराव केला तरीही नाही, हे भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाच्या २०१५च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आहे. बागेत सरसकट मज्जाव करण्यापेक्षा आपसांत वेळा ठरवून घ्या, असंही त्या सुचवतात. जागा आर.जी.ची, म्हणजे मंजूर नकाशात सर्वांसाठी मोकळी ठेवलेली असेल, तर पक्कं बांधकाम नको. जाळीचं, काढता येईल असं कुंपण घालावं, आणि तेही आर्किटेक्टला विचारून.

या सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे फाटक. एक नव्हे, दोन! बाहेरचं फाटक उघडायचं, कुत्र्याला घेऊन मधल्या चौकोनात यायचं, मागची कडी लावायची, पट्टा सोडायचा आणि मग आतलं फाटक उघडायचं. एवढ्याने निसटून गेटबाहेर, थेट रस्त्यावर पळणारं कुत्रं वाचतं. आतली कुत्री नव्याला हुंगायला दाराशी गर्दी करतात आणि भांडणं बरेचदा तिथेच जुंपतात, म्हणून चौकोन ऐसपैस हवा. लहान चणीच्या कुत्र्यांना वेगळा भाग मिळाला तर फारच छान. खाऊ आणि आवडता चेंडू घरीच ठेवलेला बरा.

आपल्याकडे खरी परीक्षा पावसाळ्याची. चार महिने चिखल झाला, तर जुलैतच ती जागा ओस पडेल. उतार आणि पाण्याचा निचरा आधी, हिरवळ नंतर. साचलेल्या पाण्यातून लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो, आणि हा आजार माणसांनाही होतो. कुत्र्यांना होणाऱ्या पार्व्होचा विषाणू मातीत महिनोन्‌महिने तग धरतो. त्यामुळे लसीकरण पुरं न झालेलं पिल्लू आत नेऊ नये. माजावर आलेली मादीही नको. रेबीजच्या लसीचं कार्ड पाहून वॉचमनकडच्या वहीत फ्लॅट नंबरासह नोंद करावी. पिशवी, खुरपं आणि झाकणाचा डबा दाराशीच असावा. घाण मात्र मालकानेच उचलायची. सफाई कामगारांवर ते काम ढकलणं अन्यायाचं आहे.

खर्चाचा प्रश्न जनरल बॉडीत पहिल्या पाच मिनिटांतच येतो. सर्वांच्या मेन्टेनन्समधून पैसे मागण्याऐवजी कुत्री पाळणाऱ्या घरांनी आपखुशीने वर्गणी काढून जाळी आणि निचऱ्याचं काम करावं. वेळा सकाळी सहा ते आठ आणि संध्याकाळी. दुपारच्या उन्हात नाही, रात्री दहानंतर भुंकणं नाही. जवळच्या विंगमधल्या रहिवाशांना सभेआधी घरी जाऊन भेटावं, कारण आवाजाचा त्रास झाला तर तो त्यांनाच होणार आहे. मुदत सहा महिन्यांची मागावी, आणि त्यात एक तरी पावसाळा येऊ द्यावा. या काळात वॉचमनच्या वहीत नोंदवलेल्या तक्रारी पुढच्या सभेत मोठ्याने वाचाव्यात, आणि त्या दिवशी लिफ्टपाशी थांबणाऱ्या आजींनाही बोलायला सांगावं.